वॉकर देताना आणि खाट परत घेताना

सांगलीच्या एसटी डेपोत मी ३२ वर्षं मेकॅनिक होतो. निवृत्त झालो आणि गल्लीतल्या पाच-सहा जणांनी मिळून मंडळाच्या खोलीत रुग्णसाहित्य केंद्र काढलं. वॉकर, कमोडची खुर्ची, व्हीलचेअर, फाउलर खाट (हँडल फिरवून पाठ आणि गुडघे उचलणारी दवाखान्यातली खाट), एअर बेड (झोपून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून अंथरायची, पंपानं हवा भरणारी गादी). घरातलं माणूस अंथरुणाला खिळलं की या वस्तू दोन-चार महिने लागतात आणि मग माळ्यावर धूळ खात पडतात. आमच्याकडे अनामत ठेवून न्यायच्या, काम झालं की परत आणून द्यायच्या. अशी केंद्रं महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी आहेत, कुठे ज्येष्ठ नागरिक संघाची, कुठे वाचनालयाची, कुठे गणेश मंडळाची. तरी आजूबाजूच्या गावांतून फोन येतो, "अण्णा, आम्हालाही सुरू करायचंय, कसं करू?" फोनवर अर्धं राहून जातं, म्हणून लिहून काढलं.

आधी थोडंच सामान

आम्ही चार वॉकर, दोन कमोडच्या खुर्च्या आणि एक व्हीलचेअर एवढ्यावर सुरुवात केली. तुम्हीही तेवढ्यावरच करा. गावातल्या हाडांच्या डॉक्टरांना आणि एखाद्या जुन्या फॅमिली डॉक्टरांना भेटून विचारा, महिन्याला किती जणांना वॉकर सांगता, किती जणांना खाट. त्यांच्या उत्तरावरून पुढची खरेदी ठरवा. पावसाळ्यात न्हाणीत घसरून पडणारे वाढतात, तेव्हा वॉकर आणि कमोडची खुर्ची कधीच शिल्लक राहत नाही.

देणगी म्हणून सामान येऊ लागेल. लोखंडी, स्टीलचं, धुता येईल असं सगळं घ्या. कापसाच्या गाद्या घेऊ नका, त्या नीट निर्जंतुक होत नाहीत. उरलेली औषधंही घेऊ नका, कितीही महागाची असली तरी. ती वाटणं आपलं काम नाही. न फोडलेली डायपरची पाकिटं मात्र जरूर घ्या, ती दोन दिवसांत जातात.

नोंदणीच्या मागे पहिल्याच महिन्यात लागू नका. वेगळी संस्था करायची तर निदान सात माणसं, घटना, धर्मादाय कार्यालयातल्या फेऱ्या, दरवर्षी हिशेब तपासून घेणं, सगळं ओघानं येतं. त्यापेक्षा आधीच नोंदलेल्या एखाद्या मंडळाचा किंवा वाचनालयाचा उपक्रम म्हणून सुरू करा, त्यांच्याच पावतीपुस्तकावर पैसे घ्या. वर्षभर चाललं तर वेगळं बघता येईल.

जागा तळमजल्यावर हवी. दाराला तीन फूट रुंदी हवी आणि पायऱ्या नकोत, कारण सामान न्यायला येणारं माणूस पुष्कळदा एकटं असतं, कधी साठीच्या पुढचंच असतं. सांगलीत या नियमाला एक जोड द्यावी लागली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. इथली धोक्याची पातळी ४५ आहे. आमच्या खोलीत पाणी छातीपर्यंत होतं. खाटा आणि व्हीलचेअर धुऊन, बेअरिंगं बदलून परत चालू केल्या. पण एअर बेडचे सगळे पंप गेले, वहीचा लगदा झाला, आणि कोणाचं सामान कुठे आहे हे आठवून आठवून लिहावं लागलं. तेव्हापासून विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू माळ्यावर असते, आणि वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो तिघांच्या मोबाईलमध्ये असतो. पाणी ३५ फुटांवर गेलं की आम्ही उरलेलं सामान हलवायला लागतो, ४०च्या इशारा पातळीची वाट बघत नाही. तुमच्या गावाला नदी नसेल तर छप्पर गळतं का एवढं तरी बघा.

अनामत आणि वही

पूर्ण फुकट देऊ नका. आम्ही पहिलं वर्ष फुकट दिलं आणि सात वॉकरांतले तीन परत आलेच नाहीत. लोक वाईट होते असं नाही. वस्तू कोपऱ्यात पडली आणि विसरली गेली, एवढंच. आता वॉकरला ५०० रुपये अनामत आणि महिन्याला ३० रुपये देखभालीचे, खाटेला ३,००० अनामत आणि महिन्याला ३००. तीस रुपयांत केंद्र चालत नाही, पण तेवढ्यानं वस्तू लक्षात राहते. अनामत झेपत नसेल तर गल्लीतल्या दोन ओळखीच्या माणसांच्या सह्या घेतो आणि सामान देतो. पैशापायी कोणाला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही, हे पहिल्या बैठकीत ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे माणसं बदलतात, मतंही बदलतात.

प्रत्येक वस्तूवर ऑइलपेंटनं नंबर घाला. स्टिकर धुण्यात निघतात. वहीत नंबर, नेणाऱ्याचं नाव, रुग्णाचं नाव, पत्ता, दोन फोन, अनामत आणि नेताना वस्तूची काय अवस्था होती ते लिहा. आधारची झेरॉक्स घेत असाल तर तिच्यावर आडवं लिहा, "फक्त साहित्य नेण्यासाठी", खाली तारीख, आणि अनामतीबरोबर ती परत करा. पंचविसाव्या दिवशी एक फोन करायचा. सामान मागायला नाही, कसं चाललंय हे विचारायला. त्या फोनवरच कळतं की वॉकरचं रबर झिजलंय किंवा एअर बेड फुगत नाही.

वस्तू दाखवून, मापून द्या

डेपोत गाडी मार्गावर सोडायच्या आधी ब्रेक, टायर, दिवे बघून सही केल्याशिवाय ती हलत नसे. इथेही तेच. आणि वस्तू चांगली असून भागत नाही, ती त्या माणसाला बसली पाहिजे.

वॉकरची उंची अशी ठरवा. माणूस सरळ उभा, हात खाली सोडलेले, मनगटाच्या आतली आडवी रेघ जिथे येते तिथे वॉकरची मूठ हवी. रुग्ण बरोबर नसेल तर घरच्यांना सुतळी द्या, मनगटापासून जमिनीपर्यंत मापून गाठ मारून आणायला सांगा. काठीलाही हेच माप. काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायची, हे दहातल्या आठ जणांना सांगावं लागतं. चारही पायांची रबरी बुचं उलटी करून बघा, नक्षी झिजली असेल तर तिथल्या तिथे बदला. बुचं पाच-पन्नास रुपयांची असतात, त्यांच्यापायी खुबा मोडू नये.

व्हीलचेअर देण्याआधी घराच्या दारांची मापं विचारा. आमच्या साध्या खुर्च्या बाहेरून २५-२६ इंच भरतात, आणि गावभागातल्या जुन्या वाड्यांची आतली दारं २४ इंचांचीसुद्धा सापडतात. तसं असेल तर लहान चाकांची, ढकलायची खुर्ची द्या. बसवून-उठवून दाखवा. आधी दोन्ही ब्रेक लावायचे, मग पाय ठेवायच्या पट्ट्या वर करायच्या, मगच माणसाला उठवायचं. पट्टीवर पाय देऊन उठलं की खुर्ची पुढे कलंडते.

फाउलर खाट साडेसहा फूट बाय तीन फूट असते. जिना अरुंद असेल तर डोक्याची आणि पायाची फळी काढून न्यावी लागते, चार माणसं लागतात. छोटा हत्ती नेणाऱ्यांनीच ठरवायचा, जोडून द्यायला आमच्यातला एक जण जातो. पायथ्याच्या हँडलपैकी कुठलं पाठ उचलतं आणि कुठलं गुडघे, ते रंगानं खूण करून ठेवा. वापर झाला की हँडल आत घालायचं, नाहीतर रात्री उठलेल्या माणसाची नडगी फुटते.

एअर बेडबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. तो गादीवर अंथरायचा आणि वर एकच चादर घालायची. वर दुसरी गादी टाकली की त्याचा उपयोगच संपला. पंप चोवीस तास चालू ठेवायचा. आणि एअर बेड आहे म्हणून कूस बदलायची नाही असं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, माकडहाड आणि टाचा रोज बघायच्या. लाल डाग दिसला आणि दाबून पांढरा पडला नाही, तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. हे मी तोंडी सांगतो, शिवाय मोठ्या अक्षरात छापलेला कागद देतो, कारण खाट नेणाऱ्या माणसाचं त्या वेळी निम्मं लक्ष दवाखान्यात असतं.

ऑक्सिजनचं मशीन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नका. किती लिटरवर ठेवायचं तेही चिठ्ठीत हवं. मशीन भिंतीपासून फूटभर लांब ठेवायचं, फिल्टर आठवड्याला धुऊन वाळवायचा, ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. वीज गेली की मशीन बंद, म्हणून जोडीला सिलिंडर हवा. घरगुती बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर असतो, मिनिटाला दोन लिटरनं तो बारा तास पुरतो. हा हिशेब घरच्यांकडून स्वतःच्या हातानं लिहून घ्या. आणि आपल्या घरांत हमखास होणारी चूक म्हणजे रुग्णाच्या उशाशी देवाचा फोटो लावून उदबत्ती किंवा निरांजन लावणं. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत काहीही पेटवायचं नाही. दिवा देवघरात लावायचा, हे आजीला समजावून सांगायचं. माझ्यासारख्या मेकॅनिक हातांना आणखी एक गोष्ट. रेग्युलेटर कितीही घट्ट असो, त्याला तेल-ग्रीसचा हात लावायचा नाही. दाबाच्या ऑक्सिजनमध्ये ग्रीस पेट घेतं.

परत आल्यावर

बेडपॅन, युरिन पॉट, नाकातली नळी, नेब्युलायझरचा मास्क या वस्तू परत घेऊच नका. देतानाच किंमत घेऊन देऊन टाका. बाकी सामान आधी साबणाच्या पाण्यानं घासायचं, कारण मळ असेल तर जंतू मारायचं औषध काम करत नाही. मग हायपोक्लोराइटचं, म्हणजे त्या औषधाचं, एक टक्क्याचं पाणी. बाटलीवर पाच टक्के लिहिलं असेल तर एक भाग औषध, चार भाग पाणी. दहा मिनिटं ठेवून साध्या पाण्यानं पुसून घ्या, नाहीतर लोखंड गंजतं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. हायपोमध्ये संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. मग दिवसभर ऊन. त्यानंतर माझं काम, म्हणजे चाकांची बेअरिंगं, ब्रेकच्या तारा, खाटेच्या स्क्रूला ग्रीस. दुरुस्तीला आलेली वस्तू तयार सामानात ठेवायची नाही, तिला लाल फडकं बांधायचं.

आता माणसांचं. सामान दोन कारणांनी परत येतं. रुग्ण चालू लागला म्हणून, किंवा गेला म्हणून. फोनवर आवाज ऐकला की बहुतेकदा कळतं, पण आपण विचारायचं नाही. "कधी येऊ?" एवढंच म्हणायचं. काही घरांना तेरावा होईपर्यंत खाटेला हात लावू द्यायचा नसतो. काहींना पुढच्या खोलीतली ती रिकामी खाट एक रात्रही नको असते. दोन्ही बरोबर. त्या महिन्याचे देखभालीचे पैसे आम्ही धरत नाही. अनामत पाकिटात घालून आपण घरी न्यायची, त्यांना केंद्रात यायला लावायचं नाही. पुष्कळ जण पाकीट परत पुढे करतात, "राहू दे, तुमच्या कामाला." त्या दिवशी घेऊ नका. महिन्यानं वाटलं तर आणून द्या म्हणा. बरेच जण खरंच येतात, आणि तेव्हा चार शब्द बोलून मोकळे होतात.

एकदा आम्ही खाट परत नेत असताना त्या घरातल्या मुलानं मला गाडीपाशी थांबवलं. हँडलला त्याच्या आईनं फडकं गुंडाळलं होतं, हाताला लोखंड गार लागतं म्हणून. ते फडकं त्याला हवं होतं. मी आधी ते सोडवून त्याला दिलं, मग खाट चढवली. तेव्हापासून सामान उचलण्याआधी खाटेच्या कडा, उशीखालची जागा, खिसे घरच्यांकडून तपासून घेतो. जपमाळ निघते, चष्मा निघतो, कधी औषधाच्या चिठ्ठीमागे लिहिलेला हिशेब निघतो.

किल्ली एकाकडे ठेवू नका. आमच्याकडे तिघांकडे आहे आणि तिघांचे नंबर दारावर रंगवलेत, कोण कुठल्या वारी गावात असतो तेही. दवाखान्यातून रुग्णाला संध्याकाळी घरी सोडतात, आणि कमोडची खुर्ची पाहिजे हे घरच्यांच्या लक्षात येतं तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असतात.