न्यूग्रेंज बघायला जाताय? मग आधी हे वाचा

आयर्लंडला कुणाकडे चाललाच आहात तर एक दिवस न्यूग्रेंजला द्या. डब्लिनच्या उत्तरेला, बॉइन नदीकाठी, ५००० वर्षांपूर्वीचं दगडी थडगं, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडपेक्षाही जुनं. (शेंगेन व्हिसावर आयर्लंड होत नाही, ते आधीच बघून घ्या.)

गाडी घेऊन थेट थडग्यापाशी जाता येत नाही. आधी डोनोर गावाजवळच्या व्हिजिटर सेंटरला जायचं, तिथून पूल ओलांडून त्यांच्याच बसने पुढे. तिकीट ऑनलाइन आधीच काढा, उन्हाळ्यात तर नक्कीच, आणि काढताना त्यात ‘चेंबर’ (थडग्याच्या आतली खोली) आहे ना ते बघा, नाहीतर बाहेरूनच टेकडीसारख्या थडग्याला प्रदक्षिणा मारून परत याल. जवळचंच नोथ नावाचं दुसरं थडगं पण जमलं तर करा, तिथले कोरीव दगड जास्त भारी आहेत पण लोक उगाच टाळतात. थंडीत मात्र नोथची टूर नसते.

आत १९ मीटरचा अरुंद बोगदा आहे, अंग चोरून, वाकून जावं लागतं, त्यामुळे कोंडल्यासारखं होणाऱ्यांनी विचार करूनच जा. सॅक नेऊ देत नाहीत, फोटोही नाही. शिरायच्या आधी दाराच्या वर बघा, तिथे एक छोटी खिडकी आहे, सगळी गंमत तिच्यात आहे. बोगद्याची जमीन आत चढत जाते, त्यामुळे आतली खोली बरोबर त्या खिडकीच्या लेव्हलला येते आणि २१ डिसेंबरच्या आसपास उगवत्या सूर्याचा किरण थेट आतपर्यंत पोचतो, साधारण १७ मिनिटं. १९६७ मध्ये उत्खनन करणारे प्रोफेसर ओ'केली यांनी आत बसून हे स्वतः पाहिलं. तुम्हाला पाहायचं तर लॉटरीत नाव लागायला हवं, आणि नाव लागूनही ढग आले तर बसा हात चोळत! बाकी दिवशी गाइड लाइट घालवून बल्बने तो किरण दाखवतात, तेही पुरेसं आहे असं माझं मत. वर मान करून छत बघायला विसरू नका, चुन्याशिवाय दगडावर दगड सरकवत रचलंय आणि अजून गळत नाही.

भिंतींवर जुन्या पाहुण्यांनी कोरलेली नावं पण दिसतील, आपल्या अजिंठ्यात जॉन स्मिथने १८१९ मध्ये कोरलं तसलाच प्रकार. १८८२ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याने न्यूग्रेंजला संरक्षण मिळालं, १९९३ मध्ये नोथ आणि डाउथ या जवळच्या थडग्यांसकट ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. एवढी गर्दी असूनही आत एका वेळी मोजकीच माणसं का सोडतात ते आत उभं राहिल्यावर कळतं, कोपर हललं तरी ५००० वर्षांच्या नक्षीला लागतं.

आणि हो, बाहेरची पांढरीशुभ्र गारगोटीची भिंत उत्खननानंतर पुन्हा उभी केलेली आहे, ती मुळात तशीच होती का यावर अजून वाद आहे, गाइडला विचारा, मस्त रंगवून सांगतात. उन्हाळा असला तरी जॅकेट न्या.