न्यूरॉनचं मॉडेलिंग सुरू करताय? आधी माझे घोळ वाचा

बी.एस्सी. फिजिक्स बेळगावात केलं, रोज खानापूरहून येजा, बायोलॉजी दहावीतच सुटलेली, त्यामुळे मेंदूच्या पेशींचं मॉडेलिंग आपल्याला कुठलं जमायला असंच वाटायचं. पण यात आधी लागतं ते डिफरन्शियल इक्वेशन आणि थोडं पायथन, बायोलॉजी मागनं येते की.

सुरुवात हॉजकिन-हक्सले या दोन शास्त्रज्ञांच्या मॉडेलपासूनच करा. मॉडेल १९५२ चं, स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड अ‍ॅक्सॉनवरचं (न्यूरॉनची लांब तार), १९६३ ला नोबेल. चारच इक्वेशन्स. सोडियमचं एम गेट (गेट म्हणजे पेशीच्या आवरणातलं दार) झटकन उघडतं, व्होल्टेज वर उसळतं, तोवर एच गेट सावकाश बंद व्हायला लागतं आणि पोटॅशियमचं एन गेट उशिरा उघडून सगळं खाली ओढतं. हे जे उशिरा येणं आहे ना, त्यातूनच फायरिंगचा, म्हणजे व्होल्टेजच्या उसळ्यांचा (स्पाइकचा) ताल येतो.

आता माझा घोळ. मी मूळ पेपरातली इक्वेशन्स जशीच्या तशी टाइप केली, तिथं रेस्टिंग (पेशी शांत असतानाचं व्होल्टेज) शून्य धरलंय आणि व्होल्टेजचं साइन उलटं, मी मात्र −६५ मिलिव्होल्टपासून सुरू केलं, आठवडा गेला. आई विचारायची, 'काय करूलास रे, रात्रभर एकच रेघ बघत?' ते सुटलं तर −५५ ला कोड 'नॅन' (म्हणजे हा आकडाच नाही) द्यायला लागला, कारण तिथं एनच्या अल्फात (गेट उघडण्याचा वेग) शून्य भागिले शून्य होतं, लिमिट ०.१ हातानं द्यावी लागते. एमला तसंच −४० वर, तिथं लिमिट १.

ऑयलरनं (इक्वेशन छोट्या छोट्या पावलांनी सोडवायची साधी पद्धत) करत असाल तर स्टेप ०.०१ मिलिसेकंद ठेवा. बाहेरून करंट ३ मायक्रोअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर दिला की एक स्पाइक आणि गप्प, १० दिला की सेकंदाला ६५-७० स्पाइक. मधे वेग हळूहळू वाढत नाही हां, सुरू होतं तेच एकदम पन्नासेकनं, मला वाटलं परत कोड बिघडला! नुसतं व्होल्टेज प्लॉट करू नका, सोडियमचा, पोटॅशियमचा असा प्रत्येक करंट वेगळा काढा, खरं शिक्षण तिथं. न्यूरॉन, ब्रायन, मूज ही सॉफ्टवेअरं नंतर, फुकटच आहेत, आणि सिंगल सेलला साधा लॅपटॉप पुरतो.

बेंगळुरूत इंटरव्ह्यूला गेलो, इंग्लिश अडखळत होतं, तर विचारलं टेंपरेचर वाढवलं की काय होईल. मूळ मॉडेल ६.३ डिग्रीचं, मी रिकाम्या वेळी ते वाढवून बघितलेलं, म्हटलं स्पाइक बारीक होत जातो, छोटा होतो, शेवटी उठतच नाही. पुढचा अर्धा तास मग बोर्डावर तेच चाललं.