सुट्या पानांचा ग्रीन टी कडू होतो? या चुका टाळा

नेरुळच्या आमच्या घरी सुट्या पानांचा ग्रीन टी पहिल्यांदा आला, तेव्हा आम्ही तो रोजच्या चहासारखाच केला. आधण आल्यावर दोन चमचे पाने घातली आणि झाकण ठेवून पाच मिनिटे उकळू दिली. पहिला घोट घेताच सासूबाईंनी विचारले, "हा काढा कोणासाठी?" दोष पानांवर ढकलला गेला, पाने मात्र निर्दोष होती.

काळ्या चहाची पाने मळून त्यांचे ऑक्सिडीकरण होऊ देतात. ग्रीन टीची पाने मात्र जपानमध्ये बहुधा वाफवून, तर चीनमध्ये बहुधा कढईत परतून ही क्रिया सुरुवातीलाच थांबवतात, त्यामुळे कॅटेचिन ही तुरट द्रव्ये त्यांत मोठ्या प्रमाणात टिकून राहतात. उकळत्या पाण्यात ती आणि कॅफीन भराभर उतरतात, तर चवीला गोडसरपणा देणारे थिअनिन कोमट पाण्यातही उतरते. म्हणून पाणी 70 ते 80 अंश सेल्सिअस असावे; सेंचा या जपानी ग्रीन टीसाठी 70च्या जवळ, चिनी पानांसाठी 80च्या आसपास. थर्मामीटर नसल्यास उकळलेले पाणी एका थंड कपातून दुसऱ्या थंड कपात ओतावे, कारण प्रत्येक ओतण्यात ते साधारण 10 अंशांनी निवते.

पाऊण कप पाण्याला 2 ग्रॅम पाने आणि दोन मिनिटे मुरवणे, हे प्रमाण सुरुवातीला धरावे. चमच्यावर मात्र फार विसंबू नये, कारण गोळीसारख्या वळलेल्या पानांचा एक चमचा फुललेल्या पानांच्या चमच्यापेक्षा बराच जड भरतो. चहा कडू झाला, तर आधी पाण्याची उष्णता आणि मग वेळ कमी करावी. फिका झाला, तर पाने वाढवावीत; जास्त वेळ मुरवून रंग गडद होतो, पण सोबत तुरटपणाही येतो. साखळीला लटकणारे ते गोल जाळीदार गाळणे मला तरी निरुपयोगी वाटते, कारण त्यात पानांना उलगडायला जागाच उरत नाही. लहान किटलीत किंवा साध्या पातेल्यात मोकळी पाने मुरवून नंतर गाळावीत.

साठवणीची चूक आपल्याकडे जुलैत उघडी पडते. कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत, अशा हवेत रबर लावलेले पाकीट मसाल्यांच्या फळीवर ठेवले, तर पाने सादळतात आणि हिंगाचा वासही ओढून घेतात. घट्ट झाकणाचा अपारदर्शक डबा वापरावा. फ्रिजमध्ये ठेवला असेल, तर बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर पानांवर दव धरते.

एकदा वापरलेली पाने लगेच फेकण्याचे कारण नाही. किंचित अधिक गरम पाण्यात ती अर्ध्या ते एका मिनिटात दुसरा कप देतात, आणि तोपर्यंत चांगल्या प्रतीच्या चहातील कोवळा शेंडा व त्याखालची दोन पाने पूर्ण उलगडलेली दिसतात. हा दुसरा कप त्याच बैठकीत घ्यावा. ओली पाने रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी वापरू नयेत.