नव्या गाडीची सूट की जुन्या गाडीचा भाव? हिशेबातल्या या चुका टाळा

शोरूमबाहेरच्या फ्लेक्सवर ‘५०,००० पर्यंत बचत’ लिहिलेलं. मोबाइलवर त्याच मॉडेलची दोन वर्षं वापरलेली गाडी ५ लाख ८० हजारांना. मग घरात हिशेब मांडला जातो: एक्स-शोरूम ७ लाख, सूट ५० हजार, म्हणजे नवी साडेसहाला. जुनीशी फरक फक्त ७० हजारांचा, मग नवीच घेऊ!

पण साडेसहा लाखांत नवी गाडी कुणाच्याच दारात येत नाही, आणि ५ लाख ८० हजारांत जुनी गाडी नीट चालती होऊन तुमच्या नावावर होत नाही.

महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स. ७ लाखांवर ते ७७,००० झाले. पहिल्या वर्षाचा विमा (त्यात थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, तीन वर्षांचा एकदमच भरावा लागतो) ३५,००० धरा, नोंदणी, फास्टॅग वगैरे ३,०००. ऑन-रोड ८ लाख १५ हजार. सूट वजा जाता ७ लाख ६५ हजार.

आता जुनी. ३८ हजार किलोमीटर झालेली गाडी म्हटली की टायर आज ना उद्या बदलायचेच. चार टायर १८,०००, बॅटरी ५,०००, सर्व्हिसिंग आणि ब्रेक पॅड ६,०००, विमा १८,०००, नाव बदलण्याचा खर्च ३,०००. ५० हजार इथेच गेले. गाडी पडली ६ लाख ३० हजारांना. खरा फरक १ लाख ३५ हजारांचा. हे हिशेबापुरते आकडे आहेत. तुमच्या मॉडेलचे घाला, पण रकाने हेच ठेवा.

फरक खरेदीच्या दिवशी मोजायचा नसतो

गाडी पाच वर्षं वापरून विकायची आहे असं धरू. नवी तेव्हा पाच वर्षांची असेल, भाव समजा पावणेचार लाख. म्हणजे ३ लाख ९० हजार झिजले, वर्षाला ७८ हजार. दोन वर्षांची घेतलेली तेव्हा सात वर्षांची होईल, २ लाख ९० हजारांना जाईल. झीज ३ लाख ४० हजार, वर्षाला ६८ हजार. वर्षाकाठी वाचले दहा हजार. त्यात वॉरंटी संपल्यानंतरचा एखादा सस्पेन्शनचा खर्च निघाला की बरोबरी.

तिसरा पर्याय फारसा कुणी मांडून बघत नाही: तेच मॉडेल, पाच वर्षांचं, ३ लाख ९० हजारांना. त्यावर ४५ हजार खर्च करा, पाच वर्षांनी १ लाख ९० हजारांना विका. झीज २ लाख ४५ हजार, वर्षाला ४९ हजार. मोठ्या दुरुस्तीला वर्षाला दहा-बारा हजार धरले तरी ही पुढे.

म्हणून आमचं मत सरळ आहे. चांगली सूट चालू असेल तेव्हा एक-दोन वर्षांची जुनी गाडी हा बहुतेक वेळा सर्वांत फसवा सौदा असतो. ‘जवळजवळ नवी’ म्हणून विकणारा भाव सोडत नाही आणि नव्या गाडीचे फायदे मात्र मिळत नाहीत. जुनीच घ्यायची तर चार ते सहा वर्षांची बघा, नाहीतर नवी घ्या.

विकणाऱ्याची जुनी पावती

‘मी दोन वर्षांपूर्वी साडेआठला घेतली, तुम्हाला सव्वासहाला देतोय.’ हे ऐकून मान डोलावू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. छोटी म्हणजे चार मीटरच्या आतली आणि इंजिन पेट्रोलचं १२०० किंवा डिझेलचं १५०० सीसीपर्यंत. त्याआधी पेट्रोल गाडीवर २८ टक्के अधिक १ टक्का सेस होता. तेव्हा ७ लाख एक्स-शोरूम असलेली गाडी फक्त कराच्या फरकाने सुमारे ६ लाख ४० हजारांवर येते. रोड टॅक्सही साडेसहा हजारांनी घटतो. म्हणजे जवळपास ६६ हजार विकणाऱ्याच्या पावतीतून आधीच उडालेले आहेत.

जुन्या गाडीचा भाव आजच्या नव्या गाडीच्या ऑन-रोड किमतीतून, आजची सूट वजा करून, खाली मोजायचा. पावती मागायची ती खरेदीची तारीख आणि मॉडेल पडताळायला. मोठ्या गाड्यांवर आता सरसकट ४० टक्के आहे. पूर्वी सेस धरून ४५ ते ५० पडायचे, म्हणजे हाच प्रकार तिथेही.

जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी लागतो, ही अर्धवट ऐकीव माहिती आहे. व्यापाऱ्याला तो फक्त त्याच्या नफ्याच्या रकमेवर भरायचा असतो. घरगुती मालकाकडून थेट घेतली तर जीएसटी नाहीच.

कर्जाचा दर विसरणं

जुन्या गाडीचं कर्ज महाग असतं. ६ लाख, पाच वर्षं: ९ टक्क्यांनी हप्ता १२,४५५ आणि एकूण व्याज सुमारे १ लाख ४७ हजार. १४ टक्क्यांनी हप्ता १३,९६१, व्याज २ लाख ३८ हजार. जुनी घेऊन वाचवलेल्या पैशांतले ९० हजार बँकेकडे गेले. निम्म्याहून जास्त रक्कम रोख भरता येत असेल तरच जुन्या गाडीचं गणित जमतं.

‘पर्यंत’ या शब्दाखाली काय दडलंय

फ्लेक्सवरचा आकडा एका गाडीवर, एका माणसाला क्वचितच मिळतो. तो असा जोडलेला असतो: रोख सूट, एक्स्चेंज बोनस, कॉर्पोरेट सूट, जुन्या ग्राहकाचा लॉयल्टी बोनस, आणि फुकट म्हणून धरलेल्या अॅक्सेसरीज. जुनी गाडी द्यायची नसेल तर एक्स्चेंज बोनस नाही. तुमची कंपनी यादीत नसेल तर कॉर्पोरेट नाही. हे बुकिंगनंतर कळलं की भांडण होतं. भंगारात काढलेल्या गाडीचा बोनस आणि एक्स्चेंज बोनस यांपैकी सहसा एकच मिळतो. पाच हजारांचे मॅट आणि सीट कव्हर १२ हजारांचे म्हणून सवलतीत धरले असतील तर वरचे सात हजार त्यातून वजा करा.

व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनाने लिहिलेला आकडा म्हणजे कोटेशन नव्हे. शिक्क्याचं कोटेशन मागा आणि त्यात प्रत्येक ओळ वेगळी हवी. मग एकेक ओळ तपासा:

‘हँडलिंग’, ‘लॉजिस्टिक’ किंवा ‘डेपो चार्ज’ दिसला तर काढायला सांगा. हा सरकारी आकार नाही. बहुतेक ठिकाणी ठामपणे म्हटलं की निघतो.

विमा बाहेरून घेता येतो, डीलरकडूनच घ्या असं बंधन नाही. पण बाहेरचं कोटेशन घेताना आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण बाद झाली तर धरली जाणारी विम्याची रक्कम, सारखाच ठेवा. नव्या गाडीला तो कंपनीच्या किमतीच्या ९५ टक्के असतो. आयडीव्ही खाली ओढून हप्ता स्वस्त दाखवणं सोपं आहे. झिरो डेप्रिसिएशन (भरपाईतून सुट्या भागांचा घसारा न कापणं) आणि इंजिनच्या नुकसानीचं संरक्षण दोन्हीकडे आहे ना तेही बघा. ‘विमा बाहेरून घेतलात तर सूट १५ हजारांनी कमी’ असं सांगितलं, तर तो १५ हजारांचा आकडा बाहेरच्या विम्याच्या किमतीत मिळवून तुलना करा.

जुनी गाडी विकताय? मग तिच्या पॉलिसीवरचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सवलत, तुमचा आहे, गाडीचा नाही. विमा कंपनीकडून त्याचं प्रमाणपत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. एक्स्चेंजच्या घाईत हा बोनस हमखास बुडतो.

एक्स्चेंजची आणखी एक गंमत: सूट वाढवायची आणि तुमच्या गाडीचा भाव तेवढाच पाडायचा. बोलणी दोन वेगळ्या दिवशी करा. आधी नवी गाडी विनाएक्स्चेंज कितीला, ते लेखी घ्या. मग जुनीचा भाव विचारा आणि बाहेरचे दोन भाव सोबत ठेवा.

१० लाखांच्या वरच्या गाडीला १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच वसूल केलेला आयकर, लागतो. विवरणपत्र भरणाऱ्याला तो परत मिळतो, म्हणून खर्चात धरू नका.

सूट कशामुळे आहे, हे न विचारणं

डिसेंबरमधली मोठी सूट उगाच नसते. वर्ष पालटलं की यार्डातली गाडी ‘गेल्या वर्षीची’ होते, आणि पुढे विकताना गिऱ्हाईक आरसीवरचा उत्पादनाचा महिना बघतं, तुमच्या पेढ्यांची तारीख नाही. मागच्या वर्षी बनलेल्या गाडीला चालू वर्षाच्या सवलतीवर आणखी निदान ५ टक्के तरी मिळायला हवेत. तेवढे मिळत असतील आणि गाडी आठ-दहा वर्षं ठेवायची असेल, तर बिनधास्त घ्या. तीन वर्षांत विकणाऱ्याने मात्र टाळावी.

महिना तपासायची पक्की जागा म्हणजे फॉर्म २१, विक्रीचं प्रमाणपत्र. त्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं. चॅसिस नंबर १७ अंकाक्षरांचा. बहुतेक गाड्यांत दहावं अक्षर वर्ष सांगतं: आर २०२४, एस २०२५, टी २०२६. नंबर कळल्याशिवाय पूर्ण पैसे भरू नका, आणि गाडी पासिंगला जाण्याआधी यार्डात जाऊन बघा. एकदा तुमच्या नावाने नोंदणी झाली की तक्रारीचा जोर संपतो.

उभ्या राहिलेल्या गाडीत बिघडतं ते ठरलेलं. बॅटरी उतरते; इंजिन बंद असताना १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर नवी मागा. टायर एकाच जागी दबून चपटे होतात, मग वेग वाढवला की स्टिअरिंग थरथरतं. बॉनेटखाली उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर वायरिंगचा प्रत्येक पट्टा बोटांनी चाचपा. ब्रेक डिस्कवरचा तांबूस गंज मात्र दोन किलोमीटर चालवल्यावर जातो, त्याने घाबरू नका.

जुनी गाडी संध्याकाळी बघणं

दिवसाउजेडी जा, आणि आधी कळवा की इंजिन थंड हवं. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर काहीतरी लपवायचंय असं समजा. थंड इंजिन सुरू करताना निळसर धूर आला तर ऑइल जळतंय. पांढरा धूर गोडूस वासाचा आणि थांबत नसेल तर कूलंट आत जातंय. अशी गाडी कितीही स्वस्त असो, सोडा.

अपघात रंगाखाली लपतो, बोल्टवर नाही. फेंडर आणि बॉनेटच्या बिजागऱ्यांच्या बोल्टचा रंग उडालेला असेल तर ते कधीतरी खोललेत. बंपर बदललेला चालतो. एप्रन (बॉनेटखालचा बाजूचा पत्रा) आणि पिलर (दारांमधले खांब) यांवरचं सीलंट बघा: कारखान्याची रेघ एकसारखी असते, गॅरेजमधली बोटाने फिरवल्यासारखी. काचांच्या कोपऱ्यातली खूण सगळीकडे जुळते का पाहा.

पुराची गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. शेवटच्या फूटभर पट्ट्यावर मातकट रेघ किंवा कुबट वास राहतो, कारण तो भाग धुवायचं कुणाला सुचत नाही. मग सीटच्या रुळांचे बोल्ट आणि स्टेपनीखालचा खळगा. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर कोल्हापूर, सांगली, चिपळूणकडच्या गाड्या विकायला निघाल्या होत्याच. त्या आज पाच-सात वर्षं जुन्या म्हणून फिरतात. त्यांतल्या काही नेमक्या आपण वर सुचवलेल्या वयाच्या!

क्लचसाठी तिसऱ्या गिअरमध्ये ताशी २०-२५ वर असताना अॅक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि गाडी पुढे सरकली नाही, तर क्लच प्लेट गेलेली आहे. किलोमीटर मीटरवर वाचू नका, अधिकृत वर्कशॉपच्या सर्व्हिस नोंदीत वाचा. मीटर २२ हजार दाखवतो आणि टायरवर ३२२५, म्हणजे २०२५ च्या ३२व्या आठवड्यातले, गाडी मात्र २०२२ ची? एवढ्याशा रनिंगला टायर का बदलले, ते विचारा. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्या सहसा ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठी बनलेल्या नाहीत, तेव्हा इंधनाचे रबरी पाइपही मेकॅनिकला दाखवा.

टोकन देण्याआधीचे कागद

परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून कितवा मालक, बोजा (गाडीवरचं कर्ज), विमा, पीयूसी बघा. चलनं वेगळी तपासा. बोजा असेल तर पैसे आधी थेट कर्जखात्यात, उरलेले मालकाला. बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही. गोवा किंवा दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त दिसते, पण कायम इथे ठेवायची तर फॉर्म २८ ची एनओसी आणि महाराष्ट्राचा टॅक्स नव्याने. तो किती बसेल हे आरटीओतून आधी काढा.

मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून एजंटाकडे ठेवायची पद्धत आहे, ती मोडा. नाव बदलेपर्यंत कागदोपत्री जुनाच मालक जबाबदार असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. एक्स्चेंजला गाडी देणाऱ्यांनाही हे लागू. डीलर आरटीओकडे अधिकृत नोंदलेला असेल तर फॉर्म २९सीने गाडी सोपवल्याची ऑनलाइन नोंद करता येते. ती पोच घेऊनच किल्ली द्या.

आणि घेणाऱ्यासाठी: खरेदीपासून १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्या. थर्ड पार्टी संरक्षण गाडीबरोबर येतं, पण तुमच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम जुन्या मालकाच्या नावच्या पॉलिसीवर अडकतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनसही तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागते. वरच्या १८ हजारांत ती धरलेली आहे का, ते पुन्हा एकदा बघून घ्या.