भूतानी शेजाऱ्यांच्या मदतीला जाताना या चुका टाळा

ओहायोतील कोलंबस आणि ॲक्रन या शहरांत लोट्शाम्पा, म्हणजे नेपाळीभाषक भूतानी, निर्वासितांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या मदतीला जाणाऱ्या आपल्या मराठी मंडळींचा एक समज मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे: आपल्याला हिंदी येते, त्यांनाही ती कळते, मग दुभाषी कशाला? माझाही हाच समज होता आणि त्याची किंमत एका आजींनी मोजली.

आजी पूर्व नेपाळमधील बेलडांगीच्या छावणीत अठरा वर्षे काढून आल्या होत्या. दवाखान्यात फोनवरच्या दुभाष्यासाठी वीस मिनिटे थांबावे लागेल असे कळताच मीच पुढे सरसावलो. आजी म्हणाल्या, ‘खुट्टा झमझम गर्छ.’ खुट्टा म्हणजे पाय, एवढे मला ठाऊक होते. उरलेले मी अंदाजाने भरून काढले आणि ‘वयोमानाने पाय दुखतात’ असे डॉक्टरांना सांगून मोकळा झालो. चार महिन्यांनी आजी जिन्यावरून पडल्या, तेव्हा खऱ्या दुभाषी बाईंनी एका वाक्यात उलगडा केला: झमझम म्हणजे मुंग्या येणे. रक्त तपासले तर बी-१२ जीवनसत्त्व तळाला गेलेले. तांदूळ, डाळ, तेल, मीठ अशा शिध्यावर जगलेल्या आणि दूध, अंडी, मांस क्वचितच मिळालेल्या या लोकांत ही कमतरता सर्रास आढळते, हे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०११ मध्येच नोंदवले होते.

तेव्हापासून दवाखान्यात मी तोंड बंद ठेवतो. अमेरिकी केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या रुग्णालयांवर विनामूल्य दुभाषी देण्याचे बंधन आहे, तेव्हा वीस मिनिटे बसावे; ज्याला तेवढा दम नाही त्याने नव्या कुटुंबांच्या घरी सोफे उचलायला यावे, त्यालाही माणसे कमीच पडतात. शाळकरी नातीला दुभाषी करणे तर त्याहून वाईट, कारण आजी तिच्यासमोर निम्मे दुखणे गिळून टाकतात.

घरातल्या तिघांची जन्मतारीख १ जानेवारी दिसली, तरी ती परस्पर ‘दुरुस्त’ करू नये; खरी तारीख ठाऊक नसली की कागदोपत्री हीच लिहिली जाते.

दुसरी मोठी चूक म्हणजे अमेरिकेत आल्यावरच्या पहिल्या ९० दिवसांच्या सरकारी मदतकाळात गर्दी करून नंतर फिरकायचेच नाही. इथे येताना मिळालेल्या विमानभाड्याच्या बिनव्याजी कर्जाचे हप्ते साधारण सहा महिन्यांनी सुरू होतात. तुटपुंज्या उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणारा एसएसआय हा सरकारी भत्ता नागरिकत्व न मिळाल्यास सहसा सात वर्षांनी थांबतो आणि नागरिकत्वाचा अर्ज साधारण पाच वर्षांनीच करता येतो, म्हणजे हातात सुमारे दोनच वर्षे उरतात. फेब्रुवारी २००९ ते फेब्रुवारी २०१२ या काळात अमेरिकेत या समाजातील १६ आत्महत्यांची नोंद झाली, आणि त्यानंतरच्या पाहणीत लोकांनी सांगितलेल्या अडचणींत भाषा आणि दुरावलेले नातलग ठळक होते. या गोष्टी नव्वद दिवसांत मिटणाऱ्या नाहीत.

म्हणून मी चौथ्या महिन्यापासून जाऊ लागतो, दर शनिवारी, आणि पहिला तासभर कागदांचा विषयच काढत नाही. आजोबांनी बाल्कनीतल्या बादल्यांत लावलेला रायोचा साग, म्हणजे मोहरीची पालेभाजी, बघतो, चहा घेतो. मग न उघडलेल्या टपालाची पिशवी ते स्वतःच पुढे सरकवतात.