घरी इन्सुलिन सुरू करताना

दवाखान्यातून आल्यावर आधी इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज शेजारी शेजारी ठेवा आणि दोन्हींवरचा आकडा वाचा. हा आकडा म्हणजे एका मिलीत किती युनिट औषध आहे ते; डोस युनिटमध्येच मोजतात. बाटलीवर ४० असेल तर सिरिंजही ४० ची, लाल टोपणाची. १०० असेल तर १०० ची, नारिंगी टोपणाची. इतकं ठासून सांगते, कारण आपल्या खानापूर-निपाणीकडे औषध एका गावचं आणि सिरिंज दुसऱ्या गावची, असं सहज होतं. मुलगा गोव्याहून नाहीतर कोल्हापुराहून औषध आणतो, मधेच सुया संपतात, मग जवळच्या मेडिकलमधून मिळेल ती सिरिंज येते. १०० चं औषध ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात ५० युनिट जातात. आईची शुगर एकदम उतरते, जिवावर बेतू शकतं. उलट झालं तर २० च्या जागी ८ च जातात आणि शुगर का उतरत नाही हे घरात कोणाला उमगत नाही. इन्सुलिन टोचायचं पेनासारखं साधन येतं, त्या पेनच्या कार्ट्रिजमधून, म्हणजे आतल्या औषधाच्या नळीतून, सिरिंजने औषध काढू नका, तेही याचसाठी.

डोस कागदावर लिहून घ्या, आणि ‘युनिट’ हा शब्द पूर्ण. आकड्यापुढे नुसतं इंग्रजी यू असलं की ते शून्यासारखं दिसतं, ४ चे ४० होतात. सिस्टर कन्नडमध्ये सांगत असतील तर हन्नोंदु की हन्नेरडु, ११ की १२, हे परत विचारा. त्यात लाजायचं काही नाही.

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब. एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यायचं. फ्रिज नसेल किंवा उन्हाळ्यात लाईट जात असेल तर घट्ट झाकणाच्या डबीत घालून, ओलं फडकं गुंडाळलेल्या मडक्यात, सावलीत ठेवा. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा. वापरातली बाटली साधारण ४ आठवडे चालते, तरी सोबतच्या कागदावरची मुदत बघाच.

टोचायच्या आधी जेवण तयार आहे ना, ते बघा. चूल पेटायची असताना सुई टोचून ठेवायची नाही. हात साबणाने धुवा, सुई नवी घ्या. घरात दोघांना शुगर असली तरी सिरिंज आणि पेन ज्याचं त्याचं. सुई बदलली तरी पेन दुसऱ्याला नाही. दुधाळ इन्सुलिन तळहातांत हळूहळू फिरवून एकसारखं करा, जोरात हलवू नका. गुठळ्या दिसल्या तर ती बाटली बाजूला. जितकं औषध ओढायचं तितकी हवा आधी बाटलीत सोडा, मग औषध सहज येतं.

पोटावर टोचणार असाल तर बेंबीपासून दोन बोटं सोडून, आणि रोज आदल्या जागेपासून बोटभर सरकून. एकाच जागी टोचत राहिलं की तिथे मऊ गाठ होते. गाठीत दुखत नाही म्हणून म्हातारी माणसं तीच जागा पुढे करतात, पण तिथून औषध नीट अंगात उतरत नाही. सुई काढण्याआधी दहा आकडे मोजा, नंतर चोळू नका.

उशाशी साखर हवी. घाम सुटला, हातपाय थरथरले तर ३ चमचे साखर पाण्यातून द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही न घालता गाडी काढा. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका, जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका आणि पुढच्या खेपेला तो डबा दवाखान्यात घेऊन जा.