आमदाराची निवडणूक-कारकीर्द कशी मांडावी: सांगोल्याच्या उदाहरणासह

आमदार गणपतराव देशमुख हे सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्यातून सलग अकरा वेळा विधानसभेवर निवडून आले, असे वाक्य कोणीही सहज लिहून जाते. त्यातले ‘सांगोला’ बरोबर आहे, ‘अकरा’ही बरोबर आहे, पण ‘सलग’ चूक आहे. १९७२ आणि १९९५ अशा दोन सार्वत्रिक निवडणुकांत ते पराभूत झाले होते. आमदाराचा परिचय लिहिताना आपण विजयांची यादी करतो आणि पराभव तळटीपेतही घेत नाही. खरे तर माणसाची राजकीय ताकद कुठे होती आणि कुठे तुटली हे पराभवांच्या वर्षांतच अधिक स्पष्ट दिसते. म्हणून एखाद्या आमदाराची कारकीर्द मांडायची असेल तर त्याने जिंकलेल्या निवडणुकांची नव्हे, तर त्याच्या मतदारसंघात त्या काळात झालेल्या प्रत्येक निवडणुकीची ओळ आधी आखावी, आणि मग त्या ओळीत आपला माणूस कुठे आहे, कुठे नाही, हे पाहावे. पुढे जी पद्धत दिली आहे ती याच क्रमाने जाते. उदाहरण मुख्यतः सांगोल्याचेच घेतले आहे, कारण या एका मतदारसंघात जवळजवळ सगळे खाचखळगे भेटतात.

पहिले काम वहीत किंवा संगणकावर तक्ता आखण्याचे. रकाने असे ठेवावेत: वर्ष, निवडणुकीचा प्रकार, कितवी विधानसभा, मतदारसंघाचे नाव व क्रमांक, पक्ष, मिळालेली मते, एकूण वैध मते, निकटच्या प्रतिस्पर्ध्याचे नाव व पक्ष, मताधिक्य, आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना रुंद ठेवावा. निम्मी कथा तिथेच लिहिली जाते. ‘निवडणुकीचा प्रकार’ हा रकाना तर काही झाले तरी गाळू नये. मी सांगोल्याचा तक्ता पहिल्यांदा केला तेव्हा तो नव्हता, आणि त्यामुळे माझी बेरीज अकराऐवजी दहावर थांबली. दोनदा मोजले, तरी दहाच.

कारण साधे होते. भारत निवडणूक आयोग प्रत्येक सार्वत्रिक विधानसभा निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल प्रसिद्ध करतो आणि तेच या कामाचे सर्वात भक्कम साधन आहे. त्यात मतदारसंघवार पान असते. उमेदवारांची नावे मतांच्या उतरत्या क्रमाने येतात, प्रत्येकापुढे पक्षाचे संक्षिप्त रूप, मते आणि टक्केवारी असते, आणि त्याच मतदारसंघाचे एकूण मतदार, झालेले मतदान व वैध मते हेही दिलेले असते. १९६२ पासून २०१४ पर्यंत महाराष्ट्रात बारा सार्वत्रिक विधानसभा निवडणुका झाल्या: १९६२, १९६७, १९७२, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९५, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. त्यांतून पराभवाच्या दोन वजा केल्या की दहा उरतात. अकरावा विजय १९७४ च्या पोटनिवडणुकीतला आहे आणि ती ओळ सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात सापडणे शक्यच नाही. मृत्यू, राजीनामा, अपात्रता किंवा न्यायालयाने निवडणूक रद्द करणे, यांपैकी कोणत्याही कारणाने जागा रिकामी होऊ शकते. म्हणून प्रत्येक दोन सार्वत्रिक निवडणुकांच्या मध्ये एक कोरी ओळ सोडावी आणि पोटनिवडणूक झाली नव्हती याची खात्री पटल्यावरच ती खोडावी. ही खात्री राजपत्रातून करता येते. सार्वत्रिक निवडणुकीनंतर निवडून आलेल्यांची नावे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ७३ खालील अधिसूचनेत येतात, आणि पोटनिवडणुकीचा निकालही राजपत्रात स्वतंत्रपणे छापला जातो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या जुन्या ग्रंथालयात दैनिकांचे बांधीव खंड असतील तर तेही चाळावेत, मात्र मतांचा अंतिम आकडा वृत्तपत्रावरून घेऊ नये. मतमोजणीच्या रात्री छापलेला आकडा आणि अधिकृत आकडा यांत फरक असू शकतो.

आता ‘कितवी विधानसभा’ या रकान्याकडे वळू, कारण इथे भलेभले चुकतात. १९६२ ची निवडणूक ही महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतरची पहिली निवडणूक, म्हणून तिच्यातून आलेली विधानसभा पहिली, असा तर्क केला जातो. प्रत्यक्षात १ मे १९६० रोजी राज्य अस्तित्वात आले तेव्हा १९५७ साली द्विभाषिक मुंबई राज्यासाठी निवडून आलेले आणि महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले सदस्यच पहिल्या विधानसभेचे सदस्य ठरले. तिच्यासाठी वेगळी निवडणूक झालीच नाही. त्यामुळे १९६२ ची विधानसभा दुसरी, २०१४ ची तेरावी आणि २०२४ ची पंधरावी ठरते. ‘दुसऱ्या विधानसभेचे सदस्य’ असे वाचून एखाद्याने १९६७ साल गृहीत धरले, तर पुढचा सगळा तक्ता एका घराने सरकतो.

मतदारसंघाचे नाव तेच राहिले म्हणून मतदारसंघ तोच राहिला असे मानू नये. महाराष्ट्र विधानसभेच्या जागा १९६२ मध्ये २६४ होत्या, १९६७ मध्ये २७० झाल्या आणि १९७८ पासून २८८ आहेत. त्यानंतर २००८ च्या परिसीमनाने, म्हणजे मतदारसंघांच्या फेरआखणीने, हद्दी पुन्हा बदलल्या आणि २००९ ची निवडणूक नव्या हद्दींवर झाली. सांगोल्याचा आजचा क्रमांक २५३ हा त्या परिसीमनातला आहे. हद्द बदलली की जुन्या आणि नव्या मताधिक्यांची थेट तुलना करता येत नाही, म्हणून तक्त्यात १९६७, १९७८ आणि २००९ च्या आधी एक जाड रेघ मारावी. ज्यांना १९५२ किंवा १९५७ पर्यंत मागे जायचे आहे त्यांनी हेही लक्षात ठेवावे की त्या दोन निवडणुकांत काही मतदारसंघ द्विसदस्यीय होते, म्हणजे एकाच मतदारसंघातून दोघे निवडून येत, आणि तिथे ‘दुसरा क्रमांक’ म्हणजे पराभव असेलच असे नाही.

पक्षाचा रकाना अहवालातल्या संक्षिप्त रूपावर सोडून देऊ नये. शेतकरी कामगार पक्षाच्या बाबतीत फारसे अडत नाही. देशमुख आयुष्यभर त्याच पक्षात राहिले, म्हणून हा रकाना वरपासून खालपर्यंत सारखाच भरतो, आणि महाराष्ट्राच्या राजकारणात असा रकाना दुर्मीळ आहे. त्यांच्या प्रतिस्पर्ध्याचा रकाना मात्र पाहण्यासारखा आहे. शहाजीबापू पाटील यांनी १९९५ मध्ये काँग्रेसतर्फे देशमुखांना हरवले, २०१४ मध्ये ते शिवसेनेतर्फे देशमुखांसमोर उभे राहून हरले, आणि २०१९ मध्ये शिवसेनेतर्फे निवडून आले. (२०२२ मध्ये गुवाहाटीहून फोनवर बोललेल्या ‘काय झाडी, काय डोंगार’ या वाक्यामुळे ते राज्यभर ठाऊक झाले, पण सांगोल्याला त्यांची ओळख त्याच्या सत्तावीस वर्षे आधीपासून होती.) इथे ‘शिवसेना’ हा शब्दही जपून लिहावा लागतो, कारण २०१९ ची शिवसेना आणि फेब्रुवारी २०२३ मधील आयोगाच्या निर्णयानंतर २०२४ मध्ये लढलेली शिवसेना हे एकच नाव असले तरी मधल्या फुटीमुळे अर्थ बदललेला आहे. १९७८ आणि १९८० च्या अहवालांत काँग्रेसची एकाहून अधिक रूपे दिसतात. ती सर्व ‘काँग्रेस’ या एका नावाखाली ढकलली, तर त्या दशकाची कथाच नाहीशी होते.

मतांचे रकाने भरताना एक शिस्त पाळावी: टक्केवारी काढायची ती वैध मतांवर, एकूण मतदानावर नव्हे. मतदान यंत्रे येण्यापूर्वी कागदी मतपत्रिकांमुळे बाद मतांची संख्या लक्षणीय असे. १९९५ मध्ये सांगोल्यात देशमुख अवघ्या १९२ मतांनी हरले. अशा निकालाशेजारी बाद मतांचा आकडा लिहिला नाही, तर वाचकाला त्या निकालाचा काठ किती निसरडा होता हे कळत नाही. महाराष्ट्रात २००४ ची विधानसभा निवडणूक पूर्णपणे यंत्रांवर झाली, आणि २०१४ पासून ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्यायही आकडेवारीत दिसतो. तो वैध मतांत धरायचा की नाही हे तक्त्याच्या माथ्यावर एकदा ठरवून लिहून ठेवावे आणि शेवटपर्यंत बदलू नये. उमेदवाराची अनामत जप्त झाली का हे तपासायचे असेल तर वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली का, एवढेच पाहावे लागते. अलीकडच्या निवडणुकांसाठी नमुना २०, म्हणजे अंतिम निकालपत्रक, मिळवावा, कारण त्यात मतदान केंद्रनिहाय मते असतात आणि कोणत्या गावाने साथ दिली, कोणत्या गावाने हात आखडता घेतला, हे गावगप्पांवर विसंबून न राहता सांगता येते.

नावांबाबत थोडक्यात सांगतो. आयोगाचे जुने अहवाल इंग्रजीत आहेत, त्यांत कधी आडनाव आधी येते तर कधी शेवटी, आणि एकाच माणसाचे स्पेलिंग दोन निवडणुकांत दोन प्रकारचे असू शकते. वडिलांच्या नावासह जुळवणी केल्याशिवाय दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत असे लिहू नये. देशमुख, पाटील, शिंदे अशा आडनावांच्या तालुक्यांत हा धोका अधिक आहे. मुद्दाम उभे केलेले नामसाधर्म्याचे उमेदवारही विसरू नयेत.

तक्ता भरला की कालावधीची बेरीज करावी. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि ‘इतक्या वर्षांचे आमदार’ हा आकडा पहिल्या विजयाचे वर्ष शेवटच्या वर्षातून वजा करून ठोकून देतात. १९६२ ते २०१९ हे अंतर सत्तावन्न वर्षांचे आहे, पण त्यातून १९७२ चा पराभव ते १९७४ ची पोटनिवडणूक हा काळ, १९९५ ते १९९९ ही साडेचार वर्षे, आणि १९८० साली विधानसभा बरखास्त होऊन राष्ट्रपती राजवट होती ते काही महिने वजा केले पाहिजेत. मग प्रत्यक्ष सदस्यत्व साधारण पन्नास-एक्कावन्न वर्षांचे भरते. प्रत्येक मुदत पाच वर्षांची धरूनही चालत नाही. १९७२ ची विधानसभा आणीबाणीच्या काळात लांबली आणि पुढची निवडणूक थेट १९७८ च्या फेब्रुवारीत झाली, तर १९७८ ची विधानसभा दोन वर्षांतच संपली. ‘किती वेळा’ आणि ‘किती वर्षे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. केरळचे के. एम. मणी यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे: पाला मतदारसंघातील त्यांच्या तेरा विजयांत १९६५ चा विजय धरलेला असतो, आणि १९६५ ची केरळ विधानसभा एकदाही न भरता विसर्जित झाली. विक्रमांची तुलना करणाऱ्याने आपण निवडणुका मोजतो आहोत की सभागृहातला काळ, हे आधी स्पष्ट करावे.

निवडणुकांच्या पलीकडची कारकीर्द स्वतंत्र भागात लिहावी. त्यासाठी विधानमंडळ सचिवालयाने छापलेले सदस्यांचे परिचय, सभागृहाच्या कामकाजाचे छापील वृत्तांत आणि दिवंगत सदस्यांबाबत शोकप्रस्ताव ही साधने उपयोगी पडतात. शोकप्रस्तावात गुणगान असणारच, पण जन्मस्थळ, पदे आणि वर्षे त्यांत एकत्र सापडतात. देशमुखांचा जन्म १० ऑगस्ट १९२६ रोजी मोहोळ तालुक्यातील पेनूर येथे झाला. १९७८ च्या शरद पवार यांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ च्या विलासराव देशमुख यांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री होते. या दोन मंत्रिपदांमध्ये वीस वर्षांहून अधिक अंतर आहे आणि उरलेला बहुतेक काळ त्यांनी विरोधी बाकांवर काढला. म्हणून त्यांची कामगिरी मंत्रिपदांपेक्षा प्रश्नोत्तरे, लक्षवेधी सूचना आणि दुष्काळी तालुक्याच्या पाण्यावरील चर्चांत शोधावी. सूतगिरणी, बाजार समिती, जिल्हा परिषद या संस्थांतील पदे सहसा वार्षिक अहवालांत मिळतात; विधानसभेच्या कागदपत्रांत ती शोधत बसू नये.

हयात आमदाराविषयी लिहिताना त्याने उमेदवारी अर्जासोबत दिलेले नमुना २६ मधील शपथपत्र वाचावे. त्यात मालमत्ता, देणी, शिक्षण आणि प्रलंबित खटले असतात. इथे भाषा मोजूनमापून वापरावी: गुन्हा दाखल होणे, न्यायालयाने आरोप निश्चित करणे आणि शिक्षा होणे या तीन वेगवेगळ्या अवस्था आहेत आणि शपथपत्रात जी लिहिली असेल तीच लिहावी. मालमत्तेत वाढ दिसली तर ती स्वतः घोषित केलेली रक्कम आहे आणि त्यात जमिनीच्या बाजारभावाचाही वाटा असतो, हे त्याच वाक्यात सांगावे.

सर्वात शेवटी तक्त्याची तळरेघ कुठे मारायची हे ठरवावे. देशमुखांच्या कारकिर्दीची रेघ २०१४ च्या विजयाखाली येते. २०१९ मध्ये ते उभे राहिले नाहीत; त्यांचे नातू अनिकेत देशमुख ७६८ मतांनी हरले, ३० जुलै २०२१ रोजी गणपतरावांचे निधन झाले, आणि २०२४ मध्ये दुसरे नातू बाबासाहेब देशमुख निवडून आले. या दोन्ही ओळी मतदारसंघाच्या तक्त्यात जातात, आजोबांच्या तक्त्यात नाही. दोन्ही तक्ते शेजारी ठेवले की १९९५ च्या १९२ मतांजवळ २०१९ ची ७६८ मते येतात, आणि दोन्ही ओळींत विजयी उमेदवाराचे नाव तेच आहे.